आईच्या स्पीडचा जेट

ब्लाऊज शिवणाऱ्या बाईला पाव इंचाची किंमत कळते. माझ्या दुकानात मी कुणाला 'चालून जाईल' म्हणू देत नाही. काखेत जरा ओढतंय पण चालून जाईल, गळा मोठा झालाय पण पदराखाली चालून जाईल. नाही चालत. उसवायचं आणि पुन्हा शिवायचं. या स्वभावामुळे मंगरूळपीरमध्ये माझी गिऱ्हाइकं पक्की आहेत, आणि याच स्वभावामुळे आपले केस लवकर पिकले असं माझा नवरा चारचौघांत सांगत असतो.

अशी बाई बापाच्या जुन्या फटफटीचं कारबोरेटर पिशवीत घालून पार्टच्या दुकानात गेली, त्याची ही हकीकत.

बाबा ग्रामसेवक होते. तालुक्यातली सगळी गावं त्यांनी एकाच फटफटीवर पालथी घातली. दोन स्ट्रोकची, काळी, टाकीच्या दोन्ही बाजूंना गुडघ्यांसाठी रबर असलेली. ती बनवणारी कंपनी कधीच बंद पडली, गाडी मात्र चालत राहिली. बाबा गेले तेव्हा मी एकुलती असल्यामुळे आई माझ्याकडे राहायला आली आणि तिच्याबरोबर गाडीही आली. आईचं सामान एका ट्रंकेत मावलं. गाडीसाठी नवऱ्याला घरामागे टिनाचं छप्पर टाकावं लागलं. छपराखाली ती तीन उन्हाळे उभी राहिली, आणि तिच्या एअर फिल्टरमध्ये उंदरांनी बाळंतपणं केली.

या गाडीवरून आईचा एक तोरा होता. तो तिने मला, माझ्या मैत्रिणींना, शेजारणींना आणि पुढे माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकवला होता. "माह्यासाठी त्यायनं स्पीड सोडला." लग्नाच्या पहिल्या वर्षी बाबा फार जोरात गाडी चालवायचे म्हणे. एकदा दोघं मावशीकडे निघाले असताना रस्त्यातल्या पुलावर गाडी अशी उडाली की आईच्या हातातला शेवयांचा डबा नाल्यात गेला. आई खाली उतरली आणि शेलूबाजारपर्यंत पायी चालत गेली. बाबा तिच्या बाजूने फटफटी हातात धरून, काहीही न बोलता, तिच्या चालीने चालले. बाजारातल्या जीपवाल्यांनी हे दृश्य बघितलं आणि पुढे कित्येक महिने बाबांना चिडवलं. त्यानंतर बाबांची गाडी कधी जोरात गेली नाही. मला आठवतं तेव्हापासून ती गाडी बैलबंडीच्या जरा पुढे आणि एसटीच्या फार मागे, अशीच जायची. मागे बसलेल्या आईला भीती वाटली तर ती बाबांच्या कमरेवर दोन बोटं टेकवायची. ती वेळही क्वचितच यायची.

आईने हा तोरा मिरवला की बाबा पेपरातून मान वर न करता म्हणायचे, "तुह्यासाठी कायले? गाडीतच जोर नाही." आई हसायची. आम्ही सगळेच हसायचो. बाबांना लाजायला होतं तेव्हा ते असं वाकडं बोलतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आईच्या तोऱ्याला त्या वाक्यानेच तर पुरावा मिळायचा.

मावशी म्हणजे आईची मोठी बहीण. शेलूबाजारच्या थोडं पुढे तिचं गाव आहे. काचबिंदूने तिची नजर हळूहळू गेली आणि यंदा तर काहीच दिसेनासं झालं. मार्च महिन्यात एकदा फोनवर ती आईला म्हणाली, "दारातून कोन येते, कोन जाते, समजत नाही वं. साऱ्या गाड्यायचा आवाज एकसारका झाला. तुमची फटफटी असती तं म्या घरातूनच वळखली असती." आईने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी मशीनवर अस्तर जोडत होते. ती म्हणाली, "आपुन फटफटीवर जाऊ."

मी म्हटलं, गाडी बंद आहे.

"मंग चालू कर. आन चालवायची त्यायच्यासारकी. माह्या स्पीडनं."

गाडी मला येते. दहावीच्या सुट्टीत शाळेच्या मैदानावर बाबांनीच शिकवली होती, बघायला निम्मं गाव जमलं होतं. त्यामुळे प्रश्न चालवण्याचा नव्हता. पेट्रोल टाकून टाकीखालचा कॉक उघडला की कारबोरेटरच्या पोटातून पेट्रोल थेंबथेंब खाली गळत होतं आणि किक मारून मारून माझी पोटरी सुजली होती. नवरा म्हणाला, मेकॅनिक बोलावू. बोलावला. त्याने दुरूनच गाडी बघितली आणि अशा गाडीला आपण हात लावत नाही असं सांगून चहा पिऊन गेला. शेवटी मीच दोन बोल्ट काढून कारबोरेटर सोडवलं, जुन्या परकराच्या कापडात गुंडाळलं आणि दुकानात नेलं.

पार्टवाला पन्नाशीचा, शांत माणूस आहे. त्याच्या बायकोचे आणि सुनेचे कपडे मीच शिवते, त्यामुळे ओळख जुनी. दिवस पोहरादेवीच्या यात्रेचे होते. दुकानापुढे जीपवाल्यांची रांग लागली होती, कुणाला ब्रेक हवे होते, कुणाला क्लचप्लेट. मी बाजूच्या स्टुलावर बसून राहिले. गर्दी पांगल्यावर त्याने काउंटरवर वर्तमानपत्र पसरलं आणि कारबोरेटर खोललं. आतून सुकलेल्या पेट्रोलचा चिकट, काळपट थर निघाला.

आधी त्याने फ्लोट हलवून माझ्या कानाशी धरला. फ्लोट म्हणजे आतला पितळेचा पोकळ डबा. तो पेट्रोलवर तरंगतो आणि पेट्रोल पुरेसं झालं की नळी बंद करतो. आत पाणी असल्यासारखं खळखळलं. मग त्याने तो कपभर गरम पाण्यात बुडवला, तर सांध्यातून बारीक बुडबुडे निघाले.

"बुडून राह्यला हा," तो म्हणाला. "मंग पेट्रोल थांबन कसं? कथील लावून झारून देतो, पन कथलानं वजन वाढते."

"वजन वाढलं तर?"

"तं थोडा खाली बसन. चालून जाते."

तो शब्द ऐकून मी ताठ बसले. त्यालाही ते जाणवलं असावं, कारण तो हसला. माझ्या हातचा ब्लाऊज त्याच्या सुनेने एकदा 'चालून जाईल' म्हणून नेऊ पाहिला होता आणि मी तो तिच्या हातातून परत घेतला होता.

मग त्याने मला सरळ रस्ता सांगितला. दुसऱ्या एका गाडीचं आख्खं कारबोरेटर या इंजिनावर बसतं. नवं कोरं मिळतं, थोडी पट्टी कापावी लागते, पण कटकट मिटते. मी म्हटलं, मावशीला आवाज ओळखता आला पाहिजे. त्याने मान हलवली आणि तो विषय सोडला. त्याच्या जागी दुसऱ्या कुणी मला वेड्यात काढलं असतं.

तेव्हा त्याने दुरुस्तीच्या किटचं पाकीट काढलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळं चकचकीत होतं: गॅसकेट, फ्लोटची टोकदार सुई आणि जेट. जेट म्हणजे मधोमध भोक असलेला पितळेचा इवलासा स्क्रू. मूठ पिळली की त्या भोकातून पेट्रोल जातं, भोक जेवढं मोठं तेवढी गाडीला ताकद. मी पर्समधून सुयांची पुडी काढली. बारीक मण्यांच्या कामाची सुई त्या जेटमध्ये घातली, कुठवर जाते तिथे नखाने खूण धरली. मग म्हटलं, याच नंबरची अजून दोन पाकिटं दाखवा. तिन्ही जेटवर नंबर एकच होता आणि सुई तिन्ही ठिकाणी वेगवेगळी अडकली.

"हे बघा," मी म्हटलं. "एकाच मापाच्या तीन बाया, आणि तिघींचे ब्लाऊज वेगळे."

"ताई, इतके साल झाले पार्ट विकून राह्यलो. सुई लावून पाह्यनारं गिऱ्हाईक पह्यल्यांदा आलं," तो म्हणाला. पण त्याला मजा वाटायला लागली होती. त्याने शिडी लावून वरच्या फळीवरचा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा खाली काढला. त्यात कंपनी चालू होती तेव्हाचा माल होता, ग्रीस लावलेल्या कागदात गुंडाळलेला. तो आणि मी वर्तमानपत्रावर डोकी जोडून बसलो. जुना जेट नखाने खरवडून त्याचा नंबर वाचला. भोक मात्र काळ्या थराने पार बुजलं होतं, त्यामुळे सुई घालून बघण्यात अर्थ नव्हता. नंबर महत्त्वाचा, असं मी ठरवलं. त्या नंबरचे डब्यात दोन जेट निघाले. दोन्हींत माझी सुई एकाच खुणेवर अडकली. मला इतका आनंद झाला की मी त्याला त्याच्याच दुकानात चहा मागवायला लावला.

फ्लोटही त्याच डब्यातला, पितळेचा, न खळखळणारा मिळाला. मूठ पिळली की वर उचलली जाते त्या स्लाइडची सुई जुनीच ठेवली. तिच्यावरची क्लिप ज्या खाचेत होती त्याच खाचेत परत बसवायला सांगितली. बाबांचं काहीही इकडचं तिकडे व्हायला नको होतं. जुने पार्ट त्याने रिकाम्या पाकिटात घालून माझ्या हातात दिले.

"फेकू नोका," तो म्हणाला. "जुनं कव्हा कामी येईन, सांगता येत नाही."

ते पाकीट मी दुकानात बटणांच्या डब्यात टाकलं.

दुसऱ्या दिवशी गाडी तिसऱ्या किकला सुरू झाली. धूर निघाला, शेजारच्या कोंबड्या पळाल्या आणि नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. मी एकटीच दर्ग्याच्या रस्त्यापर्यंत फेरी मारून आले, आणि खरं सांगते, हरखून गेले. गाडी जात होती. मूठ जराशी पिळली की ती पुढे झेपावत होती. ही बाबांची म्हातारी गाडी आहे यावर विश्वास बसत नव्हता. बरोबर मापाचा पार्ट पडला की काय होतं ते बघा, असं मी घरी येऊन नवऱ्याला दोनदा ऐकवलं.

आई पदर खोचून मागे बसली. आमच्या गल्लीचं वळण येईतो तिची दोन बोटं माझ्या कमरेवर आली. मी मूठ सैल केली. रस्त्याला लागलो तशी बोटं परत आली, मग जोरात रुतली. मी गाडी थांबवली तर ती उतरून उभी राहिली.

"हे त्यायची गाडी नाही," ती म्हणाली.

"तीच आहे आई. पार्टसुद्धा कंपनीचेच आहेत."

"मंग तुहा हात त्यायच्यासारका नाही."

ती घराकडे चालू लागली. मी गाडी हातात धरून तिच्या बाजूने चालले. मध्येच माझ्या लक्षात आलं की आपण कुणासारखे दिसतोय, आणि रागावलेली असूनही मला हसू आलं. आईला मात्र आलं नाही.

हात माझा खरंच ऐकत नव्हता. मी पुढचे दोन दिवस एकटी फिरून बघितलं. गाडी हळू चालवायची म्हटली तर मनगट सतत आवळून धरावं लागत होतं. जरा लक्ष दुसरीकडे गेलं की ती ओढ घ्यायची. बाबा सगळं आयुष्य असं मनगट आवळून कसे चालवत होते, हे मला कळेना. काहीतरी फरक राहिला आहे, असं माझं शिंप्याचं डोकं सांगत होतं. दोन तुकडे एकाच मापाचे कापूनही शिवण जुळत नसेल, तर चूक मापातच असते.

संध्याकाळी दुकान आवरल्यावर मी बटणांच्या डब्यातून ते पाकीट काढलं. जुना जेट थिनरमध्ये भिजत घातला, कापसाने पुसला, दिव्यासमोर धरला आणि भोकात सुई घातली. सुई खुणेपर्यंत गेलीच नाही. भोक साफ होतं, तरी ती टोकालाच अडत होती. मी सुई फिरवली तेव्हा आत काहीतरी हललं. मग चिमट्याने ओढलं, आणि एक तार बाहेर आली. विजेच्या वायरमधला तांब्याचा एकच धागा, केसाहून थोडा जाड. एक टोक आकड्यासारखं वळवलेलं, आत पडून जाऊ नये म्हणून. म्हणजे ती अडकलेली नव्हती. कुणीतरी हाताने, विचार करून घातली होती.

नवरा दुकानात मला न्यायला आला होता, आणि आईही त्याच्याबरोबर आली होती, ती दाराशी चपला काढत होती. त्याने तार बघितली आणि मोठ्याने हसला.

"अवं, हे तं जुन्या लोकायची आयडिया. जेटमंदी तार टाकली का भोक लहान होते, पेट्रोल कमी जाते. आमच्या काकानंही टाकली होती. सासरेबुवा पक्के निंगाले. गाडी पयत नाही, पन पेट्रोल वाचते."

मीही हसले असते. बाबांच्या काटकसरीच्या गोष्टी आमच्याकडे कमी नव्हत्या. पण मी दाराकडे बघितलं. आई एक चप्पल पायात, एक हातात अशी उभी होती.

"म्हंजे गाडीच जात नोयती," ती म्हणाली.

नवऱ्याला आपण काय करून बसलो ते उशिरा कळलं आणि तो सामान आवरायला लागला.

"ते सांगत तं होते," आई म्हणाली. "गाडीतच जोर नाही म्हनत. आपुनच हसत होतो."

मला ती तार परत त्या काळ्या थरात पुरून टाकावीशी वाटली. मी कधी कुणाची शिवण उगाच उसवलेली नाही, आणि इथे मी आईची उसवून ठेवली होती. तिने आयुष्यात मिरवलेली एकच गोष्ट होती. दागिने नव्हते, शेत नव्हतं, नवऱ्याने माझ्यासाठी स्पीड सोडला एवढंच होतं. आणि तेही आता पेट्रोल वाचवण्याच्या हिशोबात गेलं.

पुढचे दिवस लग्नसराईचे होते, दुकानात बायकांची रीघ होती. आई नेहमीसारखी कोपऱ्यात बसून हुक लावून द्यायची. एका नव्या नवरीने, "आजी, ते फटफटीचं सांगा नं," असं आपण होऊन म्हटलं तेव्हा आई म्हणाली, "काय सांगाचं त्यात." आणि दोरा तोडला. मला रडू यायला लागलं म्हणून मी उठून पाणी प्यायला गेले.

मी तिला म्हटलं, जुना जेट तारेसकट परत बसवते, गाडी पहिल्यासारखी होईल, आपण मावशीकडे जाऊ.

"नोको. आहे तसंच राहू दे. तू आपलं जपून चालव," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "तिले जाऊन भेटलं पायजे. ती वाट पाहून राह्यली असन."

रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही निघालो. मनगट आवळून, दात आवळून मी ती गाडी आईच्या स्पीडने चालवत होते. पण ती गाडी ऐकायला तयार नव्हती. रस्ता आता मोठा आणि गुळगुळीत झाला आहे, त्यावर कुणालाही मोह होईल. आईने दोन बोटं टेकवली की मी सैल करायची, पुन्हा थोडं अंतर गेलं की पुन्हा तेच. शेलूबाजार येईपर्यंत माझा उजवा हात खांद्यापर्यंत दुखायला लागला. जुना पूल आता राहिला नाही. तो जिथे होता तिथे आई काही बोलली नाही, नाहीतर दरवेळी शेवयांच्या डब्याचं निघायचंच.

मावशीच्या गावाआधी दोन्ही बाजूंच्या शेतांत हळद शिजत होती. तो वास आला की मला लहानपणापासून मावशीचं घर आठवतं.

मावशी ओसरीवर बाजेवर बसली होती. मी अंगणात गाडी बंद करेपर्यंत ती उठून उभी राहिली होती, एक हात खांबाला. तिच्या सुनेने आम्ही येणार हे तिला सांगितलं नव्हतं, आईनेच फोनवर तसं बजावलं होतं.

"आली वं तू," मावशी म्हणाली. आईचं नाव वगैरे काही घेतलं नाही, सरळ तिच्याशीच बोलली. आणि मग मान किंचित वाकडी करून, जसा काही एखादा पदार्थ चाखून बघावा तशी, म्हणाली, "आवाज मोकळा झाला. तार काढली वाटते?"

आई जागीच थांबली. मीही.

"तुले तारीचं कसं मालूम?" आईने विचारलं.

मावशीला तिचा चेहरा दिसत नव्हता, पण आवाजात काहीतरी वेगळं लागलं असावं. ती हाताने चाचपत परत बाजेवर बसली. "बाप्पा. त्यानं तुले सांगतलंच नाही काय? म्या समजली, सांगतलं असन."

आई तिच्या शेजारी बसली. मी पायरीवर बसले. सुनेने पाणी आणलं, ते कुणी प्यायलं नाही.

मावशीचे यजमान, म्हणजे माझे काका, शेलूबाजारला जीप चालवायचे. तिथल्या एका मिस्त्रीशी त्यांची दोस्ती होती. आता काकाही नाहीत आणि तो मिस्त्रीही नाही.

"तू पायी आली नं त्या दिसी, शेवया सांडल्या तव्हा," मावशी सांगू लागली. "त्याच्या आठ-पंधरा दिसानं तो एकटाच आला आमच्या घरी. इथंच बसला. यायले म्हने, साडभाऊ, म्या तिले शब्द देल्ला, हळू चालवीन म्हनून. पन माहा हात ऐकत नाही. रस्ता दिसला का हात फिरते. ते मांगं जीव मुठीत धरून बसते आन मले ध्यानातच राह्यत नाही. तं म्हने, गाडीलेच काही करता येते काय?"

आईचा हात पदराच्या गाठीवर गेला.

"मंग हे घेऊन गेले त्याले मिस्त्रीकडं. मिस्त्री म्हने, गाडी मरून जाईन, जोर राहनार नाही. हा म्हने, जोर नोकोच. त्याच दिसी तार घातली. आन यायले शपथ घातली, सांगू नोका. तिले वाटू दे का म्याच हळू चालवतो."

"मले कायले नाही सांगतलं मंग?" आईने विचारलं.

"लाजला असन. मानसाची जात. आपला हात आपल्या ताब्यात नाही, हे बायकोले कोन सांगते?"

आईने पदराच्या टोकाची गाठ सोडली. तिच्यात ती तार होती. ती माझ्या दुकानातून कधी उचलली, मला पत्ताच नव्हता. तिने ती मावशीच्या तळहातावर ठेवली. मावशीने ती दोन बोटांनी चाचपली, वळवलेल्या टोकापाशी थांबली आणि हसली.

"आन मले म्हनत राह्यले जलमभर," आई म्हणाली, "गाडीतच जोर नाही, गाडीतच जोर नाही."

"मंग खोटं काय बोलला?" मावशी म्हणाली. "नोयताच जोर. त्यानंच काढून टाकला होता."

त्यावर आई जे हसली, ते मी बाबा गेल्यापासून ऐकलं नव्हतं. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती म्हणाली, "लबाड मानूस." मावशीलाही हसू आवरेना. दोघी म्हाताऱ्या बाजेवर एकमेकींना धरून इतक्या हसल्या की बाज करकरली, आणि सून बिचारी काय झालं म्हणून मला विचारत राहिली. मी तिला पहिल्यापासून सांगायला बसले. दुपारी मावशीने शेवयांची खीर करायला लावली.

ऊन उतरल्यावर आम्ही परत निघालो. मावशी अंगणापर्यंत आली, गाडीच्या टाकीवरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "आता हाच आवाज राहू दे. लगनातला आवाज हाय हा. म्या हाच पह्यले आयकला होता." आई मागे बसली. पदराची गाठ तिने पुन्हा बांधली होती, त्यात तार होती.

मी परत मनगट आवळलं. शेलूबाजार मागे पडलं, जीपा मागे राहिल्या, रस्ता मोकळा झाला. जुना पूल जिथे होता तिथे आई माझ्या कानाशी वाकली.

"इथंच," ती म्हणाली. "इथंच सांडल्या शेवया."

"ठाऊक आहे."

तिने पदर सावरला. मग म्हणाली, "होऊ दे थोडी."

"काय?"

"गाडी. त्यायचा हात फिरत होता नं इथं. फिरव."

मी आरशात तिच्याकडे बघितलं. तिने पदर दातात धरला होता. मी मनगट सैल सोडलं आणि मूठ पिळली. गाडीने ओढ घेतली, कडेची झाडं भराभर मागे जायला लागली, आणि आईच्या दोन बोटांची मी वाट बघत राहिले. बोटं आली नाहीत. तिचा पूर्ण तळहात माझ्या पाठीवर आला आणि मंगरूळपीर येईपर्यंत तिथेच राहिला.